उलनब्रिंकांची गिरणी

पुण्याच्या एस.टी.तून आधी मी उतरले आणि माझ्या मागून, दारात डोकं आपटून घेत, तो उंच जर्मन म्हातारा उतरला. तेव्हा माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, एका हातात झेंडूचा हार होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली मोडकी स्प्रिंग.

हार घालून झाल्याबरोबर अण्णांनी फडकं सोडलं आणि स्प्रिंग पाहुण्यांच्या नाकासमोर धरली.

"ह्यांना म्हणावं, आधी हे बघा. एकदा घरी गेलं की च्यापाण्यात राहून जातंय."

"अण्णा, मी निरोप धाडला होता ना? ते कंपनीचे नाहीत."

"आडनाव कंपनीचं हाय म्हणालीस की."

"आडनाव तर आपलंही तेच आहे."

"आपली गोष्ट येगळी. आपुन गिऱ्हाईक. ह्यो मानूस थेट तिकडनं आलाय म्हंजी कंपनीनंच धाडला आसंल. किती वरसं कार्डं टाकतोय मी त्यास्नी."

पाहुण्यांनी स्प्रिंग दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला हळूच विचारलं, "ही तुमच्याकडची स्वागताची पद्धत आहे का?"

भर स्टँडवर, उन्हात, एवढ्या माणसांपुढं मी काय समजावणार? मी हो म्हणाले. त्यांनी मान झुकवून आभार मानले आणि स्प्रिंग कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बघ, घेतली की नाही, असं त्या पाहण्यात होतं. दोघंही खूश होते. पंचाईत झाली होती ती फक्त माझी.

माझं नाव रत्नमाला सोपान उलनब्रिंक. जन्म साताऱ्याच्या पूर्वेला, कुसबावड्यात. कॉलेजात हजेरी घेताना प्राध्यापक माझ्या नावाशी येऊन थबकायचे, चष्मा पुसायचे आणि मग म्हणायचे, "मिस रत्नमाला." हसणाऱ्यांना मी पहिल्या वर्षी उत्तरं दिली, दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

आडनावाची हकीकत आमच्या गावात शेंबडं पोरही सांगतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी गावच्या इनामदारांनी पिठाच्या गिरणीसाठी जर्मनीहून एक इंजिन मागवलं. बैलगाड्यांतून ते आलं, एक गोरा मिस्त्री ते बसवून गेला. इंजिनाच्या कुशीवर वीतभर उंचीची लोखंडी अक्षरं होती. शाळेच्या मास्तरांनी ती सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचली: उलनब्रिंक. ते चालवायला माझे पणजोबा बाहेरगावाहून आले. ते होते शेवाळे, पण गावात त्यांना शेवाळे कोणी म्हटलंच नाही. त्यांना मुलगा नव्हता. जावई माने. ते गिरणीवर बसायला लागले आणि उलनब्रिंक झाले. पुढं काम वाढलं तसे पट्टा सांभाळायला मुल्ला आले, आताच्या दस्तगीरचाचांचे वडील. तेही उलनब्रिंक. नवरा वारल्यावर गुरवाची सगुणाकाकू मिरचीच्या कांडपावर आली, तीही उलनब्रिंक. गिरणीवर जो बसेल तो उलनब्रिंक, एवढा साधा हिशोब. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शाळेत पोरांची नावं घालताना मास्तरही तेच विचारायचे: "गिरणीवरचा का तू? मग बस."

पुण्यात मी गंमत म्हणून जर्मन भाषेच्या वर्गाला जायला लागले. एवढं नाव मिरवायचं तर त्या भाषेत निदान पाणी तरी मागता यावं. तिथल्या जर्मन बाईंना माझ्या आडनावाचं भारी नवल. त्या मायदेशी परतल्या आणि आपल्या गावात कुणाशी तरी बोलल्या. ते बोलणं फिरत फिरत एवाल्ड उलनब्रिंक नावाच्या निवृत्त पोस्टमनच्या कानावर गेलं. आणि अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये हा पोस्टमन माझ्या हॉस्टेलच्या दारात येऊन उभा राहिला, डोक्यावर टोपी, हातात एक छोटी बॅग.

मी त्यांना सगळं खरं तिथंच सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण एस.टी. कात्रजच्या घाटाला लागायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि माझं तोंड बंद झालं.

"फ्राउलाइन उलनब्रिंक," ते म्हणाले. फ्राउलाइन म्हणजे मिस; रत्नमाला त्यांनी एकदाही म्हटलं नाही. प्रत्येक वाक्यात ते ते आडनाव घ्यायचे, आवडीचा खाऊ जिभेवर घोळवावा तसे. "दुसऱ्या कुणाला या नावानं हाक मारून मला किती वर्षं झाली, तुम्हाला कल्पना नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडच्या पोस्टात देशभरच्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या ठेवलेल्या असत. दुपारचं टपाल वाटून झालं की ते एकेक डिरेक्टरी उघडून आपलं आडनाव शोधत. म्यूलर पानंच्या पानं, श्मिट पानंच्या पानं. उलनब्रिंक अख्ख्या देशात सात. त्यातल्या तीन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. दर वर्षी नवी डिरेक्टरी आली की आकडा खाली. सातचे पाच झाले, पाचाचे तीन.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मी." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मूलबाळ नाही. मी गेलो की डिरेक्टरीत त्या जागी काहीच नसेल. वरचं नाव आणि खालचं नाव एकमेकांना चिकटतील, झालं." मग ते माझ्याकडं वळले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण मला ठाऊक होतं. आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, कार्ल. आजोबा इंजिनं बनवायचे, छोटा कारखाना होता. कार्ल एक इंजिन बसवायला हिंदुस्थानात गेला आणि परत आलाच नाही. घरात सगळे म्हणायचे तापानं गेला असेल. मी म्हणायचो, नाही, त्यानं तिथं संसार थाटला असेल. आणि बघा. नाक अगदी आमचंच आहे तुमचं."

माझं नाक आमच्या आजीचं आहे आणि आजी कोरेगावची. पण ते मी कुठल्या तोंडानं सांगू? साताऱ्यापर्यंत मी चार वेळा सुरुवात केली. चारही वेळा त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली.

घरी आई दारात वाट बघत होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. म्हातारबाबा उंबऱ्यात ताठ उभे. आई ओवाळत होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय झालं ह्यांना?" आई म्हणाली. "कुंकू डोळ्यात गेलं का काय?"

"नाही गं. त्यांना वाटतंय आपण त्यांचे भाऊबंद आहोत."

आईचा हात थांबला. "आपुन?"

मी तिला थोडक्यात कार्लची गोष्ट सांगितली. आईनं पाहुण्यांकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं. "तू सांगितलं न्हाईस?"

"जमेना."

"मग जेवण झाल्यावर सांग. उपाशी पोटी असलं काय सांगू नगंस मानसाला."

जेवायला पिठलं, भाकरी आणि लसणाची चटणी. पाहुणे प्रत्येक घासाला डोळे पुसत होते, पण हे पाणी चटणीचं होतं. अण्णा शेजारी बसून इंजिनाच्या तक्रारी एकामागून एक सांगत होते आणि पाहुणे अण्णांच्या कानाकडं टक लावून बघत होते.

"ते काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, थंडीत सुरू व्हायला त्रास देतं."

"माझे वडीलही असंच सगळं स्पष्ट बोलायचे. आणि कान, फ्राउलाइन उलनब्रिंक. वरून असे दुमडलेले कान फक्त आमच्या घरात असतात."

"काय म्हणत्यात?" अण्णांनी विचारलं.

"कान चांगले आहेत म्हणतात तुमचे."

अण्णांनी कानाला हात लावून पाहिला. "कंपनीचा मानूस चांगला धाडलाय. मायाळू हाय."

जेवण झालं. आई भांडी उचलता उचलता माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती. मी घसा खाकरला. पण तेवढ्यात मारुतीच्या देवळापलीकडून आवाज आला. पुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुक, पुक. दस्तगीरचाचांनी दुपारच्या दळणासाठी चाक फिरवलं होतं. पुक पुक पुक.

एवाल्ड उलनब्रिंक उठून उभे राहिले. हात धुवायचेही राहिले.

"ते इंजिन?"

"हो."

"चालू आहे?"

मी म्हटलं, रोजच चालू असतं. त्यांनी टोपीही घेतली नाही. मी आणि अण्णा मागून निघेपर्यंत ते आवाजाच्या रोखानं देवळाला वळसा घालून गेलेसुद्धा.

गिरणीत पोचलो तेव्हा ते इंजिनाच्या कुशीशी गुडघ्यांवर बसले होते आणि त्या लोखंडी अक्षरांवरून दोन्ही तळवे फिरवत होते, एकेक अक्षर करून. चाचा पट्ट्याजवळ तेलाची झारी घेऊन थांबले होते. त्यांना कळेना की हा माणूस देवाला आलाय की काय.

"मी हे कधी ऐकलं नव्हतं," पाहुणे मला म्हणाले. आवाजावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. "फोटो पाहिला होता. लढाईच्या वेळी सगळी इंजिनं वितळवायला नेली, कारखानाही बंद झाला. माझे वडील तोंडानं हा आवाज काढून दाखवायचे. पुक पुक. आम्ही हसायचो."

मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम. निदान इंजिन तरी खरं होतं. यातल्या एका गोष्टीबद्दल तरी मला त्यांची समजूत काढावी लागणार नव्हती.

मग त्यांनी चाचांकडं पाहून हात पुढं केला. "उलनब्रिंक," असं म्हणाले. आपलं नाव सांगायची त्यांची ती रीत.

चाचांनी तेलकट हात लुंगीला पुसला आणि हातात हात दिला. "उलनब्रिंक," तेही म्हणाले. "दस्तगीर उलनब्रिंक."

पाहुण्यांनी चाचांची टोपी पाहिली, मेंदी लावलेली दाढी पाहिली. मग अण्णांच्या कपाळावरचा बुक्का पाहिला. आणि माझ्याकडं वळून अगदी नाजूकपणे विचारलं, "म्हणजे कार्लनं दोन लग्नं केली होती?"

मी काही बोलायच्या आत पलीकडच्या कांडपाच्या खोलीतून सगुणाकाकू मिरचीनं लाल झालेला पदर झटकत बाहेर आली. एवढ्या दिवसांनी गावात गोरा माणूस आलाय म्हटल्यावर तिला राहवणार कसं? अण्णांनी मोठ्या उत्साहानं ओळख करून दिली. "ह्या सगुणाबाई. उलनब्रिंक."

"तीन?" पाहुणे म्हणाले. त्यांना खाली बसावंसं वाटलं असावं. ते दळणाच्या डब्यांशेजारच्या पोत्यावर बसले.

आता मात्र पळवाट उरली नव्हती. मी चाचांना इंजिन बंद करायला सांगितलं. अचानक इतकं शांत झालं की देवळातल्या घंटेची दोरी हलल्याचंही ऐकू आलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कार्ल आला असेल, बसवून गेलाही असेल, गाव त्याला गोरा मिस्त्री म्हणतं, त्यापुढचं कुणाला काही माहीत नाही. आमच्यापैकी कुणीही त्याचं नाही. शेवाळे, माने, मुल्ला, गुरव. नाव या लोखंडावरून घेतलेलं आहे. नाक आजीचं आहे.

एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी उठवून रिकाम्या हातानं परत पाठवत होते, आणि तेही त्याच्याच भाषेत, व्याकरणाच्या चुका करत.

त्यांनी चष्मा काढला. त्यावर पिठाचा थर बसला होता तो सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला.

"काय म्हणाले?" अण्णांनी कुजबुजत विचारलं.

"काहीच नाही अजून."

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. आणि अण्णा, त्यांचा कारखाना लढाईतच बंद झालाय."

कार्डांना उत्तर का येत नाही, हे त्यांना बहुधा तेव्हाच उमगलं.

"मला एक सांगा," पाहुणे शेवटी म्हणाले. "तुमचे आजोबा. माने. ते या घरात लग्न करून आले, तेव्हा त्यांचं आधीचं आडनाव कुठं गेलं?"

"कुठं गेलं म्हणजे? कुणी वापरलं नाही. राहिलं त्यांच्या गावाला."

"आणि उद्या ही गिरणी दुसरा कुणी चालवायला लागला, अगदी परका, तर?"

"तर तो उलनब्रिंक."

"तुम्ही त्याला ते नाव देणार?"

"आम्ही कोण देणार? गावच म्हणणार."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडतात. चाचा पाण्याचा तांब्या आणायला धावले. पण ते हसत होते. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं पीठ उडालं, पिठानं पुन्हा खोकला. सगुणाकाकूनं पाठीवर दोन थापट्या दिल्या.

"ऐका," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगा. एकेक वाक्य सांगा. आमच्याकडं, माझ्या गावाकडं, जुन्या काळी आडनाव माणसाचं नसायचं. शेतघराचं असायचं. घराला नाव, आणि त्या घरात जो राहून शेत कसेल त्याचं तेच नाव. मुलगी एकटी असली तर जावई यायचा, आणि आपलं नाव दाराबाहेर ठेवूनच आत यायचा. विधवेशी लग्न केलं तरी तेच. घर विकलं तर घेणाऱ्यालाही तेच."

मी सांगितलं. सगुणाकाकू म्हणाली, "म्हंजी समदे घरजावई." तोवर आईही पदरानं हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती तोंडाला पदर लावून हसली.

हे पुढं मी माझ्या यजमानांना पुष्कळदा ऐकवलं आहे. ते आमच्या गावात कदम म्हणून आले. माझ्याबरोबर गिरणीवर बसायला लागले आणि दिवाळीच्या आत त्यांचं व्हायचं ते झालं.

"उलनब्रिंक हे घर होतं," म्हातारबाबा सांगत होते. "चर्चची वही मी वाचलेली आहे. माझे खापरपणजोबा गुराखी होते, नाव भलतंच होतं. त्या घरच्या विधवेशी लग्न केलं आणि उलनब्रिंक झाले. तिचा पहिला नवरा, तोही बाहेरचाच. त्याच्या आधी ते घर विकलं गेलं होतं. पहिला उलनब्रिंक कोण होता देव जाणे. माझ्या अंगात त्याच्या रक्ताचा एक थेंबसुद्धा नसेल. आणि मी इथं तुमची नाकं तपासत बसलो."

"त्या नावाचा अर्थ काय हुतो, विचार की," चाचा म्हणाले. "लई दिवस मनात हाय."

मला अर्थ पुण्याच्या जर्मन बाईंनी पूर्वीच सांगितला होता आणि तो मी आजवर पोटात ठेवला होता. पण मी विचारलं आणि त्यांनी आनंदानं सांगितलं.

"पाखराची टेकडी," मी म्हटलं.

"कुठलं पाखरू?"

"आहे एक. रात्री फिरतं."

चाचांनी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी चाचांकडं. "घुबड?" अण्णा म्हणाले. मग आईच म्हणाली, "लक्ष्मीचं वाहन हाय ते. पिठाच्या गिरणीला आणिक काय पायजे?" त्यावर विषय मिटला.

पण म्हातारबाबांचं हसू ओसरलं होतं. ते पोत्यावर बसून त्या अक्षरांकडं बघत होते.

"एक गंमत आहे," ते म्हणाले. मला वाटतं, हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच सुचत होतं. "आमचं ते घर आता नाही. त्यावरून मोठा रस्ता गेला. मी बावीस वर्षांचा असताना बाहेर पडलो आणि पोस्टात लागलो. जुन्या रिवाजानं बघितलं तर घर सोडलेल्याला नाव नाही. म्हणजे तुम्ही सगळे उलनब्रिंक आहात. चूल आहे, जातं आहे, नाव ठोकलेलं आहे, रोज धूर निघतो. उलनब्रिंक नसलेला इथं एकच माणूस आहे. मी."

हे मला मराठीत सांगणं जड गेलं. सांगितलं.

अण्णा कधी असं काही ऐकलं की आधी जमिनीकडं बघतात. बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी गल्ल्याशेजारची आपली घडवंची झटकली. त्या घडवंचीवर आम्हा पोरांनाही बसायची परवानगी नव्हती.

"त्यास्नी म्हणावं, हितं बसा."

"अण्णा?"

"गिरणीवर बसंल त्यो उलनब्रिंक. दुसरं काय लागतंय? आमी तिघं जरा च्या घेऊन येतो. दस्तगीर, चालू कर रं."

चाचांनी चाक फिरवलं. पुक. पुक पुक. पट्टा धरला, वरचा दगड फिरायला लागला. अण्णांनी पाहुण्यांना दोन गोष्टी खुणेनं दाखवल्या: दळण वरून असं ओतायचं, आणि दगड हलका-भारी करायचा दांडा इकडं. मग खरंच ते, चाचा आणि सगुणाकाकू बाहेर पडले. आईही गेली. मी दाराशी, बाहेरच्या बाजूला थांबले. मला जाववेना.

म्हातारबाबा घडवंचीवर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, पोस्टाच्या खिडकीत बसल्यासारखे. पिठानं त्यांचे केस पांढऱ्याचे आणखी पांढरे झाले होते.

तेवढ्यात हौसाबाई आली. मळ्यातली हौसाबाई, कायम घाईत. डोक्यावर बाजरीचा डबा, काखेत नातू, तोंडात तंबाखू. तिला ना जर्मन पाहुणा आल्याचं ठाऊक, ना कार्लचं. तिनं आत पाऊल टाकलं, डबा खाली आदळला आणि घडवंचीकडं धड न बघताच म्हणाली, "ओ उलनब्रिंक, बाजरी हाय. बारीक काढा. आन् माझं आधी टाका, म्हस पिळायची हाय मला."

आणि ती नातवाचं नाक पुसायला वळली.

त्या सगळ्यातला एकच शब्द त्यांना कळला होता. मी दारातून बघत होते. मग ते उठले. दुपारभर अण्णांच्या तोंडून ऐकून त्यांना एक मराठी शब्द पाठ झाला होता.

"व्हय," ते म्हणाले.

त्यांनी डबा उचलला आणि बाजरी वर ओतली, एक दाणा न सांडता. मग दांडा धरला. पीठ पडायला लागलं तसं त्यांनी त्यात बोट घालून बघितलं, अण्णा बघतात तसंच चोळून. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण मान हलवली. डबा भरला. हौसाबाई तो डोक्यावर घेऊन गेली.

चहा होऊन सगळे परतले, तर म्हातारबाबा घडवंची सोडायला तयार नव्हते. अण्णा पोत्यावर बसले. स्प्रिंग पुन्हा बाहेर निघाली. ती कशाची, हे मी आता खरं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या गावात एक लोहार अजून आहे, तो करून देईल. त्यानं करूनही दिली. दिवाळीत टपालानं आली आणि पुढं इंजिन थांबेपर्यंत तीच चालली.

ऊन कलत होतं. आम्ही निघायच्या बेतात होतो तर हौसाबाई परत आली. तावातावानं. तिनं चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं होतं. ती थेट घडवंचीपाशी गेली आणि तो तळहात त्यांच्या चष्म्यासमोर धरला.

"ओ उलनब्रिंक," ती म्हणाली, "हे पीठ हाय का रवा? भाकरी थापायची का शिरा करायचा म्या ह्याचा? दर बारीला असंच करताय तुमी."

अण्णा पुढं व्हायला लागले. मी त्यांचा हात धरला.

म्हातारबाबा माझ्याकडं वळले. "त्या काय म्हणतात?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. दर बारीचंही सांगितलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. मग ते उभे राहिले, हौसाबाईसमोर मान झुकवली आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, चूक झाली. डबा घेऊन या. उलनब्रिंक पुन्हा दळून देतील."